नोकरी गेल्यानंतर नवे काम शोधताना मन कसे सांभाळावे

उद्यमबाग, मच्छे, होनगा येथील फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये ऑर्डरी घटल्या की आधी कंत्राटी कामगारांना घरी बसवले जाते आणि मग कायम कामगारांचा नंबर लागतो, हे बेळगाव परिसरात कोणाला नवे नाही. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांतील कपातीत सापडलेली मुलेही लॅपटॉप जमा करून निपाणी, चिक्कोडी, खानापूरच्या घरी परततात. बायोडाटा कसा लिहावा आणि अर्ज कोठे करावा याची माहिती त्यांना सहज मिळते, म्हणून येथे ती दिलेली नाही. नोकरी गेल्यापासून नवी मिळेपर्यंत राग, लाज आणि भीती यांचे काय करायचे, एवढाच विषय येथे घेतला आहे. तो घेण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. न पचलेला राग उमेदवाराबरोबर मुलाखतीच्या खोलीत जातो, आणि ज्यांच्या ओळखीतून काम मिळू शकले असते त्यांना लपवलेल्या बेकारीचा पत्ताच लागत नाही.

पहिला आठवडा: हिशेब आधी, निर्णय नंतर

पहिल्या काही दिवसांत मनाला जी धडकी भरते तिचा मोठा भाग पैशाचा असतो, आणि आकडा ठाऊक नसतो तोवर ती वाढतच जाते. म्हणून सर्वांत आधी एक कागद घेऊन त्यावर हातात असलेली रक्कम, येणे असलेली रक्कम आणि घराचा महिन्याचा खर्च लिहावा. गृहकर्ज, दुचाकीचा हप्ता, सोसायटीचे कर्ज, भिशी, मुलांची फी हे सारे त्यात आले पाहिजे. येणे रकमेत शेवटचा पगार, शिल्लक रजांचे पैसे आणि भविष्य निर्वाह निधी धरावा. सलग ५ वर्षे नोकरी झाली असल्यास ग्रॅच्युइटीही मिळते. तिचा साधारण हिशेब शेवटच्या मूळ पगार व महागाई भत्त्याच्या बेरजेला २६ ने भागून, १५ ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणून करतात. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात होत असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन अशी भरपाई कायद्यात आहे. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) विमाधारक असल्यास नोकरी गेलेल्यांसाठीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. ही योजना वेळोवेळी मुदत वाढवून चालवली जाते, त्यामुळे सध्याची स्थिती शाखा कार्यालयातच विचारून घेणे बरे.

या आकड्यांतून घर किती महिने चालेल ते निघते. चार महिने निघोत किंवा दीड महिना, उत्तर कसेही असले तरी अंदाज नसण्यापेक्षा ते बरे, कारण त्यानंतर भीतीला एक तारीख मिळते आणि त्या तारखेच्या आत काय करता येईल याचा विचार सुरू होतो.

याच आठवड्यात काही गोष्टी टाळायच्या असतात. कपात होत असताना ‘राजीनामा लिहून द्या, सगळे लवकर मिटेल’ असे सांगितले गेले, तर घरी नेऊन वाचल्याशिवाय आणि जाणकाराला विचारल्याशिवाय सही करू नये, कारण राजीनामा आणि कपात यांत मिळणाऱ्या हक्कांचा फरक पडतो. कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मनातली मळमळ ओकू नये. ज्या सुपरवायझरला आज चार शब्द सुनवावेसे वाटतात त्याच्याच फोनवर उद्या नवा मालक तुमची चौकशी करण्याची शक्यता असते, आणि उद्यमबागेचे जग तसे लहान आहे. फायनल सेटलमेंटची रक्कम हाती येताच टपरी, वडाप किंवा एजन्सी टाकण्याची उबळ येते, तीही या काळात आवरावी. धंदा वाईट आहे असे नाही. पण ‘मी तुमच्यावाचूनही जगून दाखवतो’ या इरेने उघडलेल्या दुकानात भांडवल रागाचे असते, आणि राग तीन महिन्यांत ओसरला की उरते ती फक्त उधारी.

घरी सांगणे

रोज सकाळी डबा घेऊन नेहमीच्या वेळी बाहेर पडायचे, दिवसभर मित्राच्या दुकानात किंवा बसस्टँडवर काढायचा आणि संध्याकाळी ‘आज ओव्हरटाइम नव्हता’ असे सांगत घरी यायचे, असे करणारी माणसे आपल्या आसपास आहेत. त्यांना घरच्यांची काळजी असते म्हणूनच ती तसे वागतात. परंतु या लपवण्याला रोज शक्ती लागते, आणि तीच शक्ती काम शोधायला हवी असते. शिवाय ही बातमी कधीतरी शेजारच्या गल्लीतून घरात येतेच, आणि तेव्हा नोकरी गेल्यापेक्षा खोटे बोलल्याचा घाव मोठा बसतो.

सांगताना वर लिहिलेला हिशेबाचा कागद समोर ठेवावा. आधी पत्नीला किंवा पतीला एकांतात सांगावे, मग वडीलधाऱ्यांना. बातमी, आकडा आणि मागणी या तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागत नाही. उदाहरणार्थ: ‘अप्पा, कंपनीने आमच्या लाइनमधल्या लोकांना कमी केले, त्यात मीही आहे. जवळच्या पैशांत आणि येणाऱ्या पैशांत तीन महिने घर चालेल. मी उद्यापासून काम शोधतो आहे. तोवर पाव्हण्यांत कोणी विचारले तर लपवू नका, फक्त रोज संध्याकाळी मला काय झाले ते विचारू नका, काही घडले की मीच सांगेन.’ ही शेवटची विनंती फार महत्त्वाची आहे. घरच्यांचा रोजचा प्रेमळ प्रश्न बेकार माणसाला हजेरीसारखा टोचतो, आणि तो चिडून उत्तर देतो तेव्हा दोन्ही बाजू दुखावतात. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस ठरवून सविस्तर सांगण्याची पद्धत घालावी.

मुलांना थोडक्यात पण खरे सांगावे. घरात काहीतरी बिनसले आहे हे त्यांना कळलेले असतेच, आणि कारण न कळल्यास ती स्वतःलाच दोषी धरतात.

राग कागदावर उतरवणे

अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन येथे उपयोगी आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामावरून कमी केलेल्या अनुभवी अभियंत्यांचे व तांत्रिक कर्मचाऱ्यांचे गट केले. एका गटाने सलग ५ दिवस रोज २० मिनिटे नोकरी गेल्याबद्दलचे आपले विचार आणि भावना मोकळेपणाने लिहून काढायच्या होत्या. दुसऱ्याने आपल्या दिवसभराच्या योजना आणि नोकरीचा शोध यांविषयी कोरडेपणाने लिहायचे होते. पुढच्या काही महिन्यांत पहिल्या गटातील लोकांना लक्षणीयरीत्या लवकर नोकऱ्या मिळाल्या. विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे: त्यांनी इतरांपेक्षा अधिक अर्ज केले नव्हते, त्यांना अधिक मुलाखतीही मिळाल्या नव्हत्या. कडवटपणा कागदावर उतरल्यामुळे मुलाखतीत त्यांचे वागणे बदलले असावे, असा संशोधकांचा तर्क होता.

हा प्रयोग कोणालाही घरी करता येतो. वही वेगळी ठेवावी, ती कोणाला दाखवायची नाही हे आधी ठरवावे, आणि २० मिनिटांचा गजर लावून बसावे. शुद्धलेखन, वाक्यरचना याकडे पाहू नये. शिव्या सुचल्या तर शिव्या लिहाव्यात. पहिल्या दिवशी बहुधा फक्त इतरांचे दोष लिहिले जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपल्याला नेमके काय लागले ते बाहेर येऊ लागते: पगार गेल्याचे दुःख होतेच, पण पंधरा वर्षे ज्या मशीनवर हात फिरवला ते मशीन आता दुसराच कोणी चालवतो आहे याचे अधिक होते, किंवा आपल्याला काढले आणि आपण शिकवलेल्या मुलाला ठेवले याचे. हे एकदा शब्दांत आले की ‘आधीची नोकरी का सोडली?’ या प्रश्नाला आवाज न चढवता उत्तर देता येते. पाच दिवस झाले की वही बंद करावी. महिनोन्‌महिने तेच लिहीत राहणे म्हणजे जखमेची खपली काढत बसणे होय. लिहायची सवय नसलेल्यांनी विश्वासाच्या एका माणसाला सलग सांगितले तरी चालेल, मात्र तो माणूस मध्येच सल्ला देणारा नसावा.

दिवसाला बांध घालणे

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाच्या वस्तीतील कापडगिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले, तेव्हा १९३० च्या दशकाच्या आरंभी समाज-मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तेथे निरीक्षणे केली. लोकांकडे वेळच वेळ असूनही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली, पुरुषांची चाल मंदावली आणि दिवसभरात काय केले हे अनेकांना सांगता येईना. नोकरीतून पगाराखेरीज वेळेची शिस्त, माणसांचा सहवास, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल मिळत असते, असे प्रतिपादन याहोदांनी पुढे केले. नोकरी जाते तेव्हा हे सारे एकदम जाते, आणि म्हणून नुसत्या ‘धीर धर’ या उपदेशाने भागत नाही. गेलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या मार्गाने थोडीथोडी परत आणावी लागते.

उठण्याची वेळ नोकरीतलीच ठेवावी. सकाळचे तीन तास अर्ज, फोन आणि भेटी यांनाच द्यावेत, आणि शक्यतो घराबाहेर बसून द्यावेत. शहरात सार्वजनिक वाचनालयासारखी जागा त्यासाठी उत्तम आहे, गावात मित्राचे कार्यालय किंवा ग्रामपंचायतीचे वाचनालय चालते. दुपारी हाताचे कौशल्य ताजे ठेवणारे काम करावे: सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनच्या ऑपरेटरने प्रोग्रॅमिंगचा सराव करावा, अकाउंट्सच्या माणसाने जीएसटी आणि टॅली हाताखालून जाऊ द्यावे. संध्याकाळ मात्र मोकळी सोडावी. दिवसाचे दहा तास नोकरीच्या साइटवर बोटे फिरवणाऱ्याला काम लवकर मिळते असे नाही, तो लवकर थकतो एवढे निश्चित.

आपल्याकडची एक अडचण शहरी सल्लागारांच्या ध्यानात येत नाही. घर शेतीवाल्यांचे असले की ‘रिकामाच आहेस, तर पाणी पाजून ये’ इथून सुरुवात होते, आणि खानापूर भागात भाताची लावणी किंवा निपाणीकडे तंबाखूचा हंगाम असला तर आख्खा महिना हातचा जातो. शेतातले काम अंगाला आणि मनाला चांगलेच आहे. पण सकाळचे तीन तास माझे, त्यानंतर सांगाल ते, असा करार घरी पहिल्याच आठवड्यात करावा. नोकरी गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे दुप्पट लागू आहे. शाळेतील, रुग्णालयातील किंवा कार्यालयातील काम सुटले की ‘आता घराकडे बघशील’ असे समाधान सगळेच व्यक्त करतात, आणि तिचा शोध स्वयंपाक, सासूबाईंची औषधे व मुलांच्या अभ्यासात विरून जातो. तिचे तीन तासही तितकेच काटेकोर मानले गेले पाहिजेत, आणि ते मानून घेण्याची जबाबदारी पतीने उचलावी.

लाज बाजूला ठेवून ओळखीच्या लोकांना कळवणे

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेले निरीक्षण असे की, ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांपैकी अनेकांना ती जवळच्या मित्रांकडून न मिळता क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून मिळाली होती. कारण उघड आहे: जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते, दूरच्या परिचिताकडे मात्र वेगळ्या वर्तुळातील बातमी असते. आपल्या भागातील लहान-मध्यम कारखान्यांत तर कितीतरी जागा जाहिरातीशिवाय, कोणाच्या तरी सांगण्यावरून भरल्या जातात. टूल्स पुरवणारा, टेम्पोवाला, जॉबवर्क घेणारा, कॅलिब्रेशनला येणारा, जुन्या आयटीआयचे शिक्षक, दहा वर्षांपूर्वी कागलच्या एमआयडीसीत गेलेला सहकारी, अशा लोकांची यादी करावी.

येथे लाज आडवी येते. ‘काही असेल तर बघा’ एवढेच कसेबसे म्हटले जाते, आणि ऐकणाऱ्याला त्याचे काय करायचे ते कळत नाही. त्यापेक्षा नेमके लिहावे: ‘नमस्कार. मागच्या महिन्यात कपातीत माझी नोकरी गेली. व्हीएमसी सेटिंग आणि ऑपरेटिंगचा सहा वर्षांचा अनुभव आहे. बेळगाव, कागल किंवा गोकुळ शिरगावला काम चालेल. तुमच्या माहितीत अशा कामाचे कोणी असल्यास फक्त नाव सांगा, पुढचे मी बघतो.’ यात समोरच्यावर नोकरी देण्याचे ओझे नाही, त्यामुळे तो टाळत नाही. तरीही काही जण उत्तर देणार नाहीत. एकदाच आठवण करावी आणि सोडून द्यावे.

यात्रेत, लग्नात, गणपतीच्या मंडपात ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न येणारच. ‘कंपनीतली कपात झाली, सध्या शोधतो आहे, तुमच्याकडे कोणी असेल तर सांगा’ एवढे उत्तर पाठ करून ठेवावे आणि लगेच त्यांची चौकशी करावी.

भाषा, सीमाप्रश्न आणि मनातील अढी

या भागातील मराठी उमेदवाराच्या मनात आणखी एक थर असतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा सीमाप्रश्न त्याने घरात ऐकलेला असतो, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे हे त्याला ठाऊक असते, आणि कन्नड न आल्यामुळे कुठेतरी डावलले गेल्याचा अनुभव बहुतेक कुटुंबांत एखाद्याला तरी असतो. पुण्यात गेल्यावर बेळगावी मराठी ऐकून हसणारेही भेटतात. ही दुहेरी परकेपणाची भावना खोटी नाही, आणि ती विसरा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि नोकरी शोधण्याच्या काळात तिच्यापासून एक धोका संभवतो: प्रत्येक नकाराचे कारण भाषा हेच मानले की स्वतःत सुधारण्यासारखे काही उरतच नाही, आणि पुढचा अर्ज करण्याआधीच माणूस हरतो.

म्हणून प्रत्येक नकारापाशी प्रामाणिकपणे विचारावे की कामासाठी कन्नड खरोखर लागणार होते का. विक्री, बँकिंग, रुग्णालयाचा स्वागतकक्ष, तालुक्याला फिरतीचे काम येथे ते लागते, आणि मग तो अपमान नसून कमी पडलेले कौशल्य आहे. बोलण्यापुरते कन्नड शिकणे म्हणजे आपली बाजू सोडणे नव्हे. आपले आजी-आजोबा आठवडी बाजारात दोन्ही भाषांत व्यवहार करीत आणि त्यांच्या मराठीला त्यामुळे धक्का लागला नाही. मुलाखतीत अडखळण्याची भीती असल्यास आरंभीच ‘ननगे कन्नड स्वल्प बरुत्तदे, कलियुत्ता इद्देने’, म्हणजे मला कन्नड थोडे येते, शिकतो आहे, असे सांगावे. समोरचा माणूस बहुधा सैलावतो, आणि आपलाही घसा मोकळा होतो.

महाराष्ट्रातील सरकारी भरतीकडे डोळे लावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर तेथे अर्ज करण्याची तरतूद आहे; प्रत्येक जाहिरातीतील अट मात्र स्वतंत्रपणे वाचावी. ही वाट लांबची आहे. परीक्षेची तयारी चालू आहे या आधाराने वर्षानुवर्षे बाकीचा शोध थांबवणे ही पुष्कळदा नकाराच्या भीतीपासून पळण्याची सभ्य रीत असते.

नकार आणि मुलाखत

उत्तर न येणे हे नकारापेक्षा जास्त छळते. त्यावर उपाय म्हणून वहीत अर्जाची तारीख, ठिकाण, कोणाला भेटलो आणि पुढची तारीख असे रकाने आखावेत. १५ दिवसांत उत्तर नाही आले तर एक फोन, आणि मग रेघ. आठवड्याचे यश नोकरी मिळण्यावर मोजू नये, कारण ते आपल्या हातात नाही. इतके अर्ज, इतके फोन, इतक्या भेटी ठरवल्या आणि झाल्या, यावर मोजावे. मुलाखतीपर्यंत बोलावणे येतच नसेल तर बायोडाटा किंवा निवडलेली ठिकाणे तपासावीत. बोलावणे येते पण पुढे काही होत नाही, तर बोलणे तपासावे.

नोकरी का गेली याचे उत्तर तीन वाक्यांत संपले पाहिजे. ‘ऑर्डरी कमी झाल्या, आमच्या विभागातील लोक कमी केले, त्यात मी होतो. तेथे चार वर्षे मी टर्निंग सेंटर चालवले आणि सेटिंगही करीत असे. तुमच्याकडे त्याच प्रकारचे काम आहे म्हणून आलो आहे.’ जुन्या मालकाविषयी एकही वाईट शब्द नको. काढून टाकण्यात आपली चूक असेल तर ती एका वाक्यात मान्य करून त्यानंतर काय बदलले ते सांगावे, कारण सारवासारव लगेच ओळखू येते.

कमी पगार स्वीकारावा का, आणि घर सोडून कोल्हापूर, पुणे, गोवा किंवा बेंगळुरूला जावे का, हे प्रश्न निराशेच्या दिवशी सोडवू नयेत. पहिल्या आठवड्याच्या हिशेबावरून आधीच लिहून ठेवावे: अमुक तारखेपर्यंत बेळगाव परिसर, त्यानंतर बाहेरचे अर्ज, अमुक रकमेखाली पगार नाही. तारीख येते तेव्हा निर्णय शांत डोक्याने घेतलेला असतो. घाबरलेल्या मनावर टपलेले लोकही असतात. नोकरी लावण्यासाठी आगाऊ पैसे मागणारा, मग तो पाव्हणा असो वा पुढारी, त्याला एक रुपयाही देऊ नये.

घरगुती उपाय अपुरे पडतात तेव्हा

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, जेवण न जाणे, कशातच मन न लागणे, दारू वाढणे, किंवा ‘मी नसतो तर घरच्यांचे बरे झाले असते’ असे विचार येणे, ही खंबीरपणा कमी पडल्याची लक्षणे नाहीत, उपचार लागण्याची आहेत. शेवटचा विचार आला तर दोन आठवडे थांबू नये. टेली मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तेथे मराठी व कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्थाही दूर नाही. घरच्यांनी अशा वेळी ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द तोंडातून काढू नये आणि पहिल्या भेटीला सोबत जावे.

नवे काम मिळाल्यावर यादीतील प्रत्येकाला, ज्याने काही केले नाही त्यालाही, दोन ओळींत कळवावे. पहिले काही महिने जुन्या कंपनीशी तुलना तोंडावर येऊ देऊ नये, आणि पहिल्या पगारातून घर किती महिने चालेल त्या आकड्यात थोडी भर घालण्यास सुरुवात करावी.